शिदोरी कुणाची? कॉलबॅकसोबत जाणाऱ्या डेटाचा इतिहास

या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे आलं ते बहुतेक तसंच ठेवलंय, फक्त माझे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ निम्म्याने कमी केलेत.

सुरुवात एका आकड्याने करू. २३.९५ मीटर. नदीचं पाणी या पातळीला पोचलंय. आता सांगा, सामान माळ्यावर टाकायचं की निवांत चहा घ्यायचा?

नाही सांगता येत. कारण मी नदी सांगितलीच नाही. आमच्या अष्टमीला विचाराल तर उत्तर लगेच मिळेल, कारण रोहा आणि अष्टमी यांच्या मधून जाते ती कुंडलिका, आणि डोलवहाळ बंधाऱ्यापाशी तिची इशारा पातळी २३ मीटर, धोका पातळी २३.९५ मीटर. पावसाळ्यात रायगड जिल्ह्याचा रोजचा पाणीपातळीचा तक्ता व्हॉट्सॲपवर फिरतो, त्यात हे आकडे असतात. त्याच तक्त्यात खाली सावित्री बघा. महाडला सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर, धोका ६.५०. नागोठण्याला अंबा, ८ आणि ९. म्हणजे कुंडलिका २३ मीटर खोल आहे असं नाही बरं का. प्रत्येक ठिकाणची मोजपट्टी वेगळी आणि तिचं शून्यही वेगळं. आकडा एकटा आला तर तो नुसता आकडा. सोबत नदीचं नाव आलं की त्याची बातमी होते.

आज आपल्याला याच ‘सोबत’बद्दल बोलायचंय. प्रोग्रामिंगमध्ये कॉलबॅक नावाचा एक प्रकार असतो, आणि त्या कॉलबॅकसोबत आपला स्वतःचा डेटा कसा पाठवायचा याला जवळजवळ पन्नास वर्षांचा इतिहास आहे. विषय ऐकायला कोरडा वाटतो, हे मला माहितीये. पण हा डेटा चुकला की इशारा चुकतो. म्हणून ऐका.

आधी कॉलबॅक म्हणजे काय ते. तुम्ही मित्राला सांगता, ‘स्टेशनला पोचलास की मिस्ड कॉल दे.’ तुम्ही तुमचा नंबर देऊन मोकळे. पोचल्यावर तो मिस्ड कॉल देतो. संगणकात हेच. एखाद्या लायब्ररीला आपण आपल्या फंक्शनचा पत्ता देतो आणि म्हणतो, अमुक घडलं की या फंक्शनला हाक मार. मिस्ड कॉलमध्ये गंमत अशी की त्यात काहीच बोललं जात नाही. अर्थ आधीच ठरलेला असतो. पण समजा तुम्ही तीन मित्रांना तीन वेगवेगळ्या स्टेशनांवर पाठवलं आणि तिघांकडेही एकाच अनोळखी नंबरचे फोन आहेत. रिंग वाजली. कोण पोचला? कुठे? कळायला मार्ग नाही.

जुन्या युनिक्समधल्या सी भाषेत अगदी असंच होतं. त्यातलं क्यूसॉर्ट हे फंक्शन आठवा, कॉलेजात सगळ्यांनी वापरलंय. त्याला यादी द्यायची आणि दोन गोष्टींची तुलना करणारं आपलं एक फंक्शन द्यायचं. क्यूसॉर्ट यादी लावताना आपल्या फंक्शनला पुन्हा पुन्हा हाक मारतं आणि दर वेळी दोनच वस्तू हातात देतं, ही आणि ती, सांग मोठी कोण. बस. तिसरं काही द्यायची सोयच नाही. आता मला नद्या लावायच्यात, पण ‘आज सकाळी सहाच्या नोंदीनुसार’. सकाळी सहा ही गोष्ट तुलना करणाऱ्या फंक्शनला सांगू कशी? मार्ग एकच होता, ग्लोबल व्हेरिएबल. म्हणजे गावच्या चौकातला फळा. मी फळ्यावर ‘सकाळी सहा’ लिहायचं, मग क्यूसॉर्टला हाक मारायची, आणि आपलं फंक्शन जाऊन फळा वाचणार. तोवर दुसऱ्या कुणी येऊन फळ्यावर ‘संध्याकाळी पाच’ लिहिलं, तर यादी अर्धी सकाळची, अर्धी संध्याकाळची. कुणाला एरर दिसणार नाही. यादी मात्र खोटी.

सिग्नल हँडलरचंही तेच. जुन्या युनिक्समध्ये त्याला फक्त सिग्नलचा नंबर मिळायचा. मला वाटतं, हे लिहिणाऱ्यांची यात फारशी चूक नाही. प्रोग्राम छोटे होते, एका वेळी एकच काम चालायचं, चौकात एकच माणूस होता. फळा पुरायचा.

मग काळ बदलला. १९८७ साली एमआयटीकडून एक्स विंडो सिस्टिमची अकरावी आवृत्ती आली. पडद्यावर बटणं आली. एका खिडकीत वीस बटणं आणि वीसही बटणांचं दाबणं बघायला एकच फंक्शन, अशी परिस्थिती आली. एक्सवर बटणं, मेन्यू बांधण्यासाठी जी एक्सटी नावाची टूलकिट होती, तिने कॉलबॅकला तीन गोष्टी द्यायचं ठरवलं. पहिली, कुठलं बटण. तिसरी, ‘कॉल डेटा’, म्हणजे आत्ता नेमकं काय घडलं. आणि मधली, जी आपल्या कामाची, ‘क्लायंट डेटा’. म्हणजे काय, तर नोंदणी करताना तुम्ही जे गाठोडं दिलं होतं ते, जसंच्या तसं, न उघडता परत.

हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. एक बातमी असते, जी घटनेच्या वेळी तयार होते. पाणी २३.९५ झालं, ही बातमी. आणि एक शिदोरी असते, जी निघतानाच बांधून दिलेली असते. ‘ही कुंडलिका, हिची धोका पातळी २३.९५, कळवायचं रोह्याला’, ही शिदोरी. मी तिला शिदोरीच म्हणणार आहे, कारण वाहून नेणाऱ्याला आत भाकरी आहे की पोळी याच्याशी काही देणंघेणं नसतं. आपल्याकडे एसटीच्या कंडक्टरकडे डबा देतात ना, तसं. त्याने डबा उघडायचा नाही, फक्त योग्य माणसाच्या हातात द्यायचा. सी भाषेत अशा डब्याला व्हॉइड पॉइंटर म्हणतात. पत्ता आहे, पण त्या पत्त्यावर काय आहे हे भाषा सांगत नाही. डबा बांधणाऱ्याने आणि सोडणाऱ्याने आपापसात ठरवायचं.

याच सुमारास नेटवर्कच्या जगात दुसरी धांदल चालली होती. इंटरनेट वाढत होतं, आणि कुठला राउटर जिवंत आहे, कुठला मेलाय हे लांबून कळायची धड सोय नव्हती. नोव्हेंबर १९८७ मध्ये एसजीएमपी नावाचा एक प्रोटोकॉल आला, आणि त्यावरून ऑगस्ट १९८८ मध्ये एसएनएमपी. लिहिणारे चौघे, केस, फेडोर, शॉफस्टॉल आणि डेव्हिन. मे १९९० ची त्याची आवृत्ती सगळ्यात जास्त गाजली. कल्पना साधी. प्रत्येक यंत्रात एक छोटा प्रोग्राम बसवायचा, त्याला एजंट म्हणायचं. मध्यवर्ती ठिकाणी मॅनेजर. मॅनेजर विचारतो, एजंट उत्तर देतो. विचारायची प्रत्येक गोष्ट एका लांबलचक, टिंबाटिंबांच्या आकड्याने ओळखली जाते, त्याला ओआयडी म्हणतात. हा प्रोटोकॉल फक्त राउटरपुरता उरला नाही. यूपीएस, प्रिंटर, तापमान मोजणारे सेन्सर, सगळ्यांत हा एजंट जाऊन बसला. तुमच्या ऑफिसातला प्रिंटर टोनर संपत आल्याचं कळवतो, ते बहुधा याच मार्गाने.

एसएनएमपीच्या प्रत्येक प्रश्नावर एक रिक्वेस्ट आयडी असतो. मॅनेजरने प्रश्नासोबत एक आकडा टाकायचा, एजंटने उत्तरात तोच आकडा परत करायचा. एजंटला त्या आकड्याचा अर्थ कळायची गरज नाही. उत्तर आलं की मॅनेजर आकडा बघून ओळखतो, अरे, हे त्या प्रश्नाचं. म्हणजे शिदोरीचाच सगळ्यात छोटा अवतार.

आणि ही कल्पना आपल्याकडे रेल्वेत फार आधीपासून आहे. रोहा म्हणजे कोकण रेल्वेचं पहिलं टोक. इथून खाली रूळ १९९३ साली वीरपर्यंत चालू झाले आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात एका वेळी एकच गाडी सोडायची असते. भारतीय रेल्वेत एका स्टेशन मास्तरने दुसऱ्याकडे फोनवर ‘लाइन क्लिअर’ मागितली की परवानगीबरोबर एक प्रायव्हेट नंबर दिला जातो. दोन आकडी. छापील तक्त्यातून क्रमाने घ्यायचा आणि वापरला की खोडायचा. तक्त्यात आकडे उलटसुलट असतात, त्यामुळे पुढचा कुठला येणार हे समोरच्याला ओळखता येत नाही. तो रजिस्टरात लिहिला जातो. फाटकावरच्या गेटमनबरोबरही हीच देवाणघेवाण होते. नंबर ४७ असेल तर त्या ४७ ला स्वतःचा काही अर्थ नाही. पण ‘फाटक बंद केलं’ हे अमुक गाडीसाठी, आत्ता, याच माणसाने सांगितलंय, कालच्या गाडीचं उत्तर चुकून आज धरलेलं नाही, याची ती खूण. सॉफ्टवेअरवाल्यांनी शिकावं असं डिझाइन आहे हे, माझं प्रामाणिक मत.

परत एजंटकडे येऊ. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९८८-८९ च्या आसपास एसएनएमपीची एक लायब्ररी लिहून मोकळी वाटली. त्यात सेशन उघडताना दोन गोष्टी द्यायच्या होत्या. एक कॉलबॅक, म्हणजे उत्तर आलं की कुणाला हाक मारायची. आणि दुसरीचं नाव काय ठेवलं असेल? ‘कॉलबॅक मॅजिक’. जादू! ती काय, तर साधा व्हॉइड पॉइंटर. कॉलबॅकला महत्त्वाचं वाटेल ते त्यात ठेवा, अशी सोय. आमची शिदोरी म्हणजे त्यांची जादू.

पण ही मॅनेजरच्या बाजूची गोष्ट झाली. एजंटच्या बाजूला शिदोरी फार लहान होती. कार्नेगी मेलनच्या या कोडवरून पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत वेस हार्डेकर यांनी यूसीडी-एसएनएमपी वाढवलं. त्यातल्या एजंटमध्ये ओआयडी आणि फंक्शन यांचा एक तक्ता असायचा. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत पुन्हा एक ‘मॅजिक’ होतं, पण ते एका बाइटचं. एक बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. फंक्शनला हाक आली की ते मॅजिक बघायचं आणि भलीमोठी स्विच चालवायची. १ असेल तर पाणीपातळी, २ असेल तर धोका पातळी, ३ असेल तर शेवटची नोंद कधीची. जुना एजंट कोड उघडलात तर अशा स्विच पानोपानी दिसतील. आणि उत्तर परत द्यायला? तिथे पुन्हा चौकातला फळा. एक सामायिक व्हेरिएबल, त्यात उत्तर लिहायचं आणि त्याचा पत्ता द्यायचा.

हसू नका. एका बाइटवर त्या एजंटने कित्येक वर्षं काम केलं. कॉलम ओळखायला एक बाइट पुरतो. पण नदी ओळखायला? नदी म्हणजे नाव, मोजणीची जागा, इशारा पातळी, धोका पातळी, कळवायचे पत्ते. ते एका बाइटमध्ये मावत नाही. मग लोक काय करायचे, त्या बाइटने ग्लोबल तक्त्यातली ओळ शोधायचे. परत फळा.

२००० साली या प्रकल्पाचं नाव नेट-एसएनएमपी झालं आणि २००२ मध्ये पाचवी आवृत्ती आली. तिच्यात एजंटची अंतर्गत रचना बदलली. हँडलर आले, एकाला एक जोडून साखळी करता येईल असे. आता कॉलबॅकला चार गोष्टी मिळतात, हँडलर, नोंदणी, एकूण विनंतीची माहिती, आणि विनंत्यांची यादी. शिदोरीला एक नाही, तीन खिसे मिळाले. हँडलरवर एक, त्याचं नाव ‘मायव्हॉइड’. नोंदणीवर दुसरा, ‘माय-रेग-व्हॉइड’. आणि प्रत्येक विनंतीवर तिसरा, नाव देऊन वस्तू टांगायची एक यादी.

तीन कशाला, एक पुरला नसता का? इथे मी तुम्हाला परत सावित्रीवर घेऊन जातो.

कोकण रेल्वे दर पावसाळ्याआधी जाहीर करते की तिच्या तीन पुलांवर पुराचा इशारा देणारी यंत्रणा बसवलेली आहे. माणगाव आणि वीर यांच्यामध्ये काळ नदीवर, वीर आणि सापे वामने यांच्यामध्ये सावित्रीवर, आणि चिपळूण आणि कामथे यांच्यामध्ये वाशिष्ठीवर. पाणी धोक्याच्या पातळीवर गेलं की अधिकाऱ्यांना कळतं. आता सावित्री तीच. पण महाडच्या बाजारपेठेला जे पाणी धोक्याचं, ते रेल्वेच्या पुलाला धोक्याचं असेलच असं नाही. पुलाची उंची वेगळी, मोजण्याची जागा वेगळी, आणि इशारा मिळाल्यावर करायची गोष्ट तर पूर्णच वेगळी. इकडे दुकानं रिकामी करायची, तिकडे गाडी थांबवायची.

समजा हे सगळं आपल्याला एका एजंटमध्ये बसवायचंय, निव्वळ उदाहरण म्हणून. पातळी तपासणारं फंक्शन एकच, म्हणून त्याची सर्वसाधारण माहिती, उदाहरणार्थ सेन्सरशी बोलायची लाइन, जाते हँडलरच्या खिशात. तेच फंक्शन दोन ठिकाणी नोंदवलंय, सावित्री-महाड आणि सावित्री-रेल्वे पूल. त्यांच्या धोका पातळ्या जातात नोंदणीच्या खिशात. आणि आत्ता, या क्षणी कुणीतरी जो प्रश्न विचारलाय, त्याच्यासाठी काढलेलं तात्पुरतं वाचन टांगायचं विनंतीच्या खिशात. कोण, कुठे, आणि कुठल्या वेळचं. हे तिन्ही एका खिशात कोंबलं की आज ना उद्या महाडचा आकडा पुलाला लागतो.

आणि तो लागला तर काय होतं, तेही बघा. नवीन लोक हमखास करतात ती गोष्ट सांगतो. लूप चालवायचा, तीन नद्या, प्रत्येकीसाठी कॉलबॅक नोंदवायचा. शिदोरी म्हणून लूपमधल्या एकाच व्हेरिएबलचा पत्ता तिघींना द्यायचा. कोड सुंदर दिसतो. पण पत्ता एकच आहे! लूप संपेपर्यंत त्या पत्त्यावर शेवटची नदी बसलेली असते. पायथनमध्ये लूपच्या आत लॅम्डा लिहिलात तरी नेमकं हेच होतं, कारण लॅम्डा व्हेरिएबलची किंमत नाही, व्हेरिएबलच धरून ठेवतो.

समजा शेवटी सावित्री होती. तिघींना ६.५० लागलं. कुंडलिका तर नेहमीच त्याच्या वर. अलार्म दिवसरात्र वाजणार, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन चूक शोधणार. उलट समजा शेवटी कुंडलिका होती. आता सावित्रीची धोका पातळी झाली २३.९५. पाणी ६.५० ला जाईल, बाजारपेठेत शिरेल, आणि एजंट शांत. डॅशबोर्ड हिरवागार. माझ्या मते कॉलबॅकच्या डेटातली खरी भीती ही आहे. वाजणारी चूक सापडते. गप्प बसणारी चूक पाऊस येईपर्यंत गप्प बसते. सावित्रीने २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल वाहून नेला, एसटीच्या दोन गाड्या त्यात गेल्या. त्या पुलावर कॉलबॅक चुकला होता असं मी म्हणत नाहीये, त्याचा या विषयाशी संबंध नाही. फक्त ही नदी काय करू शकते ते आठवून द्यावंसं वाटलं, कारण कोड लिहिताना ६.५० हा आकडा फार निरुपद्रवी दिसतो.

आता शिदोरीचा दुसरा प्रश्न. ती बांधली कोणी हे कळलं. सोडायची कोणी? आणि कधी?

सी भाषेत मेमरी मागितली की ती परत करणं आपलं काम. शिदोरी लायब्ररीकडे दिली, कॉलबॅक येऊन गेला, आता रिकामा डबा कोण घासणार? आपण लवकर घासला तर पुढचा कॉलबॅक घासलेल्या डब्यात हात घालेल. कुणीच नाही घासला तर डबे साचत जातील. घरचा लॅपटॉप आपण बंद करतो, पण नदीकाठच्या खांबावरचा एजंट महिनोन्‌महिने चालू असतो. तिथे रोज थोडी मेमरी गळाली की जूनमध्ये लावलेला एजंट ऑगस्टमध्ये मान टाकणार, ऐन गरजेच्या वेळी.

नेट-एसएनएमपीने यावर चांगला उपाय काढला. नावाने वस्तू टांगताना तीन गोष्टी द्यायच्या, नाव, वस्तू, आणि ती वस्तू मोकळी कशी करायची ते सांगणारं फंक्शन. म्हणजे डबा देतानाच सांगून ठेवायचं की हा असा घासायचा. विनंती संपली की लायब्ररी स्वतःच ते फंक्शन बोलावते. आणि त्या तिसऱ्या गोष्टीला कोडमध्ये नाव काय दिलंय? ‘बीअर’. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा जुना विनोद आहे, फ्री म्हणजे स्वातंत्र्यातलं फ्री की फुकट बीअरमधलं फ्री. मेमरी फ्री करणारं फंक्शन, म्हणून बीअर. रात्री दोन वाजता डीबग करताना पहिल्यांदा दिसलं की माणूस डोळे चोळतो. नंतरच्या आवृत्त्यांत हँडलरच्या मायव्हॉइडलाही अशी सोय झाली, आणि हँडलरची प्रत काढली तर शिदोरीची प्रत कशी काढायची तेही सांगता येऊ लागलं. म्हणजे ‘एकच डबा दोघांना’ हा लूपवाला घोळ तिथे तरी टाळता येतो.

पण सगळ्यात अवघड भाग अजून राहिलाय, उशीर. नदीवरचा सेन्सर एखाद्या संथ रेडिओ लिंकवर बसलाय आणि उत्तर द्यायला तीन सेकंद घेतो असं धरा. नेट-एसएनएमपीची विचारणारी आज्ञा सुरुवातीला फक्त एक सेकंद थांबते, मग पुन्हा विचारते, असं पाच वेळा. एजंट तीन सेकंद सेन्सरकडे तोंड करून उभा राहिला तर बाकी सगळ्यांची उत्तरं अडणार. म्हणून एजंट म्हणतो, ही विनंती बाजूला ठेवतो, सेन्सरचं उत्तर आलं की बघू. याला तिथे ‘डेलिगेटेड’ म्हणतात. बाजूला ठेवताना तो एक छोटी चिठ्ठी बनवतो, त्यात हँडलर, नोंदणी, विनंती यांचे पत्ते, आणि ती चिठ्ठी शिदोरी म्हणून सेन्सरच्या कॉलबॅकला देतो.

तीन सेकंदांनी उत्तर येतं. पण मधल्या काळात ती विनंती रद्द झाली असेल तर? चिठ्ठीवरचा पत्ता आहे, घर पाडलेलं आहे. तिथे जाऊन काही लिहिलं तर एजंट कोसळतो, किंवा त्याहून वाईट, त्या जागी आता दुसऱ्याच कुणाची विनंती बसलेली असेल आणि कुंडलिकेचं उत्तर अंबेच्या नावावर जाईल. म्हणून नेट-एसएनएमपीच्या नमुना कोडमध्ये उशिरा येणाऱ्या उत्तराचं पहिलं काम ठरलेलं आहे. आधी चिठ्ठी तपासून घ्यायची, ही विनंती अजून चालू आहे का? नसेल तर मुकाट्याने परत फिरायचं. दोन ओळींची तपासणी. उत्साहात लोक नेमकी हीच गाळतात, कारण डेस्कवर टेस्ट करताना सेन्सर बाजूलाच असतो आणि उत्तर झटकन येतं. प्रायव्हेट नंबर घेताना मास्तर हेच करत होते, आलेलं उत्तर आजच्याच गाडीचं आहे याची खात्री.

जाता जाता वेळेबद्दलही एक. एसएनएमपीचा पहिल्या आवृत्तीतला ट्रॅप, म्हणजे एजंटने आपणहून मारलेली हाक, ती पोचली का हे एजंटला कळायचंच नाही. पोच देणारा ‘इन्फॉर्म’ दुसऱ्या आवृत्तीत, १९९३ मध्ये आला. आणि ट्रॅपमध्ये वेळ असते ती घड्याळाची नाही. एजंट चालू झाल्यापासून किती शतांश सेकंद झाले, तेवढंच. तो मोजका आकडा ३२ बिटांचा, त्यामुळे सुमारे ४९७ दिवसांनी पुन्हा शून्यावर. त्याहून मोठी अडचण म्हणजे वीज गेली, एजंट परत चालू झाला की मोजणी पहिल्यापासून. २२ जुलै २०२१ ला महाड आणि चिपळूण पाण्याखाली होती तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही बंद पडलं होतं. अशा वेळी अडकून राहिलेले इशारे लिंक आल्यावर एकदम येतात. त्यातला ‘पाणी वाढतंय’ आत्ताचा की पहाटेचा? एजंटच्या मोजणीवरून सांगता येणार नाही. म्हणून शिदोरीत खरी वेळही बांधावी लागते, आणि ती वाचन घेतानाची, पाठवतानाची नाही.

कुंडलिकेच्या बाबतीत अजून एक गंमत आहे. तिचं पाणी फक्त पावसाचं नाही. १९२७ पासून टाटांच्या भिरा वीजकेंद्रातून सह्याद्रीपलीकडचं, मुळशी धरणाचं पाणी तिच्यात येतं. कोलाडचं राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं, सकाळी पाणी सोडलं की होड्या निघतात. म्हणजे कुंडलिकेची पातळी भर उन्हाळ्यातही रोज वरखाली होते. ‘पाणी वाढलं’ एवढ्यावर इशारा देणारा कॉलबॅक इथे रोज सकाळी राफ्टिंगवाल्यांना पूर जाहीर करेल. या नदीच्या शिदोरीत ‘भिऱ्यातून सोडलंय का’ हाही एक खिसा हवा, जो सावित्रीला लागत नाही. एकाच साच्यातला डेटा सगळ्या नद्यांना देऊन चालत नाही, आणि व्हॉइड पॉइंटर टिकून राहिला तो यासाठीच. आत काय आहे हे तो विचारत नाही.

नव्या भाषांना हे आवडत नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे. न विचारणारा कंडक्टर चुकीचा डबाही तितक्याच निष्ठेने पोचवतो. कुंडलिकेची शिदोरी म्हणून दिली आणि पलीकडे कुणी ती सेशन समजून उघडली तर सी तुम्हाला अडवत नाही. त्यावरचं उत्तर खरं तर सीच्या आधीचं आहे. १९६४ साली पीटर लँडिन यांनी ‘क्लोजर’ ही कल्पना नाव देऊन मांडली, म्हणजे फंक्शन आणि त्याच्या भोवतालची व्हेरिएबलं एकत्र बांधायची. शिदोरी वेगळी द्यायचीच नाही, ती फंक्शनच्या पोटातच. १९७५ च्या स्कीममध्ये ती होती. सी++ मध्ये यायला २०११ उजाडलं, जावात २०१४. रस्टने २०१५ च्या पहिल्या स्थिर आवृत्तीपासून एक पाऊल पुढे टाकलं. शिदोरी कॉलबॅकच्या आधी नष्ट होऊ शकते असं कंपायलरला दिसलं तर तो कोड घेतच नाही. मग भांडत बसा त्याच्याशी. मला ते भांडण परवडतं, कारण ते माझ्या टेबलावर होतं, नदीकाठी नाही.

तरीही जगभरच्या यंत्रांमधले एजंट अजून मोठ्या प्रमाणात सीमध्येच आहेत आणि राहतील. आणि क्यूसॉर्ट? त्याला तिसरी गोष्ट देता येईल असं भावंड, क्यूसॉर्ट-आर, आधी फ्रीबीएसडीने आणलं, मग २००८ मध्ये ग्नूच्या सी लायब्ररीने. दोघांनी शिदोरीची जागा मात्र वेगवेगळी ठेवली. एकाने ती तुलना करणाऱ्या फंक्शनला सगळ्यात आधी दिली, दुसऱ्याने सगळ्यात शेवटी. पॉझिक्स या मानकात ते आलं २०२४ साली, ग्नूच्या क्रमाने, आणि फ्रीबीएसडीनेही चौदाव्या आवृत्तीत आपला क्रम बदलून घेतला. तेव्हा तुमच्याकडे जुना फ्रीबीएसडीवाला कोड असेल आणि तो तुम्ही नव्या यंत्रावर नेणार असाल, तर तुलना करणाऱ्या फंक्शनमध्ये पहिलं नाव कुणाचं आहे ते आधी बघून घ्या. नदीचं की शिदोरीचं.